कुरडईची मोटर सुट्टीवर

धडधाकट चालणारी मशीन दुरुस्त करणारी अख्ख्या तेलीबांध्यात मी एकटीच असेन.

माझा खांदा दुखतो म्हणून आमच्या पल्लवीने कुरडयांच्या साच्याला मोटर बसवली. सिलतऱ्याच्या कारखान्यात पोरगी मशिनींतच असते. आदल्या दिवशी साचा रिकामा फिरवून पाहिला, झकास! सकाळी गच्चीवर मोठ्या नणंदबाई, खास नागपूरहून आलेल्या. "मशीनच्या कुरडया? सुमन, दाताले लोखंड लागन वं!"

"बुआ, देखना तो!" म्हणत इकडच्या हिंदीत वाढलेली पल्लवी त्यांना घेऊन चीक आणायला खाली गेली. पोरीची सगळी इज्जत त्या पातेल्यात! (चीक गरम असतानाच दाबावा लागतो. निवला की दगड!)

मी मशीनपाशी. पाहते तर काय, मोटर चालवणाऱ्या डब्याची दोन भोकं रिकामी, आणि बाजूला टेप गुंडाळलेल्या दोन वायरी लोंबताहेत! नणंदबाईंसमोर असं अर्धवट काम? शिलाई मशीनचा पेचकस आणला, टेप सोलली, वायरी खोचल्या, पेच आवळले. (रंगसुद्धा जुळवले हो!)

वाफाळता चीक आला. पल्लवीने बटण दाबलं. मोटर गप्प! पुन्हा दाबलं. गप्पच! नणंदबाईंनी मोटरीचा दांडा एका बोटाने गरगर फिरवला. "याच्यात तं जीवच नाही वं पोट्टे!"

"कल तो चल रहा था..." पोरीने प्लग काढून पुन्हा खोचला. इकडे चीक आवळत चाललेला. मला राहवेना. धीर दिला, "बेटा, बाकीच्या वायरी पाह्य. त्या दोन तं म्या पक्क्या बसवल्या!"

"कौन सी दो?"

दाखवल्या.

"आई!! वो खाली ही रखना था!"

"काहून? भोकं काय शोभेले देल्ले?"

"अंदर छोटी-सी बत्ती है. इन दो तारों से बत्ती जली, तो मोटर छुट्टी पर!"

म्हणजे मी दिवा लावून मोटरला सुट्टी देऊन आले होते!

वायरी सुटल्या. नणंदबाईंनीच चिकावर गरम पाण्याचा हबका मारून तो घोटला. मोटर घरघरली आणि पहिली कुरडई गोल, जाळीदार उतरली. नणंदबाईंनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. "हुशार हाय पोट्टी. आईवर नाही गेली."

आता मशीन लावण्याआधी पल्लवी माझ्या एका हातात चिकाची वाटी देते, दुसऱ्या हातात चमचा, आणि पेचकस स्वतःच्या खिशात. दोन वाट्या संपेपर्यंत मला वाटत होतं, पोरगी आईचे लाड करते आहे!