मोटर येणार होती

मी मूळची परभणीकडची. आमच्याकडं हवं असेल तर माणूस हवं म्हणतो आणि नको असेल तर नको. लग्न होऊन हैदराबादेत, जामबागेत आले आणि पहिल्या महिन्यातच कळलं की इथं असं चालत नाही. इथं पाहुण्याला तीनदा आग्रह करायचा, त्यानं तीनदा नको म्हणायचं, आणि मग त्याच्या मनात काय आहे ते आपण ओळखायचं. माझ्या सासऱ्यांचा, मामंजींचा, यात हातखंडा होता. मला याचा कंटाळा यायचा. आता इतकं वय झालं, तरी तो दिवस आठवला की कंटाळाच येतो आधी, राग मागनं येतो.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं होतं. जहागिरी नुकत्याच गेल्या होत्या. आमच्या घरी सगळेच आपापल्या जागी डळमळत होते. मामंजी उर्दूतले वकील, कोर्टाची भाषा बदलायला लागली तसे घरी बसलेले. माझे यजमान सरकारी कचेरीत. बाहेरून आलेले नवे साहेब इंग्रजीत शेरा मारत, आणि हे घरी येऊन मुलांच्या पुस्तकातून इंग्रजी व्याकरण घोकत. नोकरी राहते की जाते, अशा दिवसांत रजा मागायची कुणाची छाती नव्हती.

त्यातच मुंबईहून कळलं की वन्संना खोकल्यातून रक्त पडलं. वन्सं म्हणजे माझी नणंद, वर्षभरापूर्वीच मुंबईला दिलेली. छातीचं दुखणं. त्याचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. सगळे ‘हवापालट’ म्हणायचे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, कोरडी हवा आणि उंचावरची जागा हवी, आणि अंगाला हादरा बसता कामा नये. विकाराबादजवळ अनंतगिरीच्या डोंगरावर या दुखण्याचा दवाखाना आहे. तिथं खाट मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं. मामंजींनी जंग जंग पछाडून एक खाट मिळवली होती. पण निरोप स्पष्ट होता. ठरल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत रोगी आला नाही तर खाट पुढच्याला जाईल, कारण रांग मोठी आहे.

रात्रभराच्या आगगाडीचे हादरे नकोत म्हणून वन्संच्या सासरच्यांनी त्यांना एकट्यांनाच विमानात बसवायचं ठरवलं. विमानात हादरे नसतात म्हणे. असतील किंवा नसतील, मी काय कधी बसले? बेगमपेठेला विमान सकाळी उतरणार होतं. तिथून डोंगरापर्यंत न्यायचं कसं, हा आमचा प्रश्न.

यावर घरात रोज पंचायत भरायची. तसा रस्ता सरळ होता. विमानतळाच्या अलीकडंच बेगमपेठ स्टेशन. विमान उतरल्यावर तासाभरानं तिथून विकाराबादकडं पॅसेंजर जायची. पुढं डोंगराचा रस्ता, तो बैलबंडीनं चढायचा. दुसरी वाट बसची, पण बस शहरातून सुटायची, म्हणजे आधी उलटं मागं यायचं. तिसरी वाट टॅक्सी. पेट्रोलची मारामार, आणि अनंतगिरी म्हटलं की टॅक्सीवाले मान फिरवत, कारण त्या डोंगरावर कोण जातं हे सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, पॅसेंजर बरी. सावकाश चालते, वन्संना बाकावर आडवं करता येईल. सासूबाईसुद्धा हो म्हणाल्या. झालं होतं ठरून.

तेवढ्यात नवाबसाहेब आले. हिमायतनगरला राहायचे. मामंजींचे पंचवीस-तीस वर्षांचे दोस्त, त्यांचे जमिनीचे सगळे दावे मामंजींनीच चालवलेले. एके काळी दारात मोटर आणि दोन घोडे. वन्सं लहान असताना त्या मोटरीत बसून हुसेनसागरावर जायच्या. नवाबसाहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “वकीलसाब, हमारी मोटर फिर किस दिन काम आएगी? बेटी विमान से उतरेगी और सीधे पहाड पर जाएगी.”

आता रीतीप्रमाणं मामंजींनी म्हणायला हवं होतं, नहीं नहीं, आप क्यों तकलीफ करते हैं. मग त्यांनी पुन्हा म्हणायचं, यांनी पुन्हा नाही म्हणायचं, आणि पानसुपारी होऊन विषय संपायचा. मी पडद्याआड चहा घेऊन उभीच होते. मामंजी थोडं थांबले आणि म्हणाले, “आपकी बडी मेहरबानी.” बस्स, एवढंच. नवाबसाहेबांचा हात दाढीवरच राहिला. मग तेही हसले.

मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, एकदा तरी या माणसानं हवं ते हवं म्हटलं. रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं, तुम्ही कधी कुणाचं असं घेत नाही, आज कसं घेतलं? मामंजी म्हणाले, “आता नको म्हटलं तर त्यांना वाटेल, दिवस फिरले तशी माणसंही फिरली. नवे राजे झाले, जुन्या दोस्ताची मोटर यांना चालत नाही.” ते खरंच होतं. त्या दिवसांत साधा नकारसुद्धा साधा राहिला नव्हता. कोण कशाचा काय अर्थ काढील, नेम नसायचा.

ठरल्या दिवशी मामंजी आणि मी बेगमपेठेला गेलो. बरोबर वळकटी, पाण्याचा तांब्या, भाकरी-चटणीचं गाठोडं. विमान वेळेवर आलं. वन्सं शिडी उतरताना कठड्याला धरून दोनदा थांबल्या. लग्नातली पैठणी ज्यांना जड झाली नव्हती, त्यांना आता खांद्यावरची शाल जड होत होती. मामंजींनी पुढं होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

बाहेर लिंबाखाली वळकटी पसरून वन्संना टेकवलं आणि मोटरीची वाट बघत बसलो. थोडा वेळ गेला. आणखी गेला. रस्त्यावर धूळ उठली की मामंजी उभे राहायचे, लष्कराचा ट्रक निघून गेला की बसायचे.

मी म्हटलं, “मामंजी, गाडीची वेळ होतेय. स्टेशन हे इथं आहे.”

“मोटर यायची आहे.”

“नाही आली तर?”

“आणि आपण निघून गेल्यावर आली तर? त्यांनी काय समजायचं?”

वन्सं वडिलांना म्हणाल्या, “दादा, मी चालेन हळूहळू.” त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडं पाहिलं. पॅसेंजर आली, थांबली, गेली. शिट्टी आम्हाला बसल्या जागी ऐकू आली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण सून म्हणून तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणं आलंच. माझी आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. मी ते पुटपुटले. मामंजींना ऐकू गेलं असेल, गेलं तर गेलं.

मग मीच पदर खोचून एक टॅक्सी थांबवली. कुठं जायचं, तर विकाराबादला, पाहुण्यांकडं, असं ठोकून दिलं. तो तयार झाला. वळकटी आत गेली, वन्सं दारापर्यंत आल्या आणि त्यांना खोकला सुटला. असा सुटला की थांबेना. टॅक्सीवाल्यानं वळकटी काढून रस्त्यावर ठेवली. त्याला तरी काय बोलणार, त्याच्याही घरी लेकरं असतील. वन्सं तोंडावर रुमाल धरून माझ्याकडं बघत होत्या. रुमाल पांढराच राहिला, तेवढं देवानं केलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा एक टांगा आला आणि त्यातून नवाबसाहेब उतरले. शेरवानी घामानं पाठीला चिकटलेली. खाली बघत म्हणाले, “मोटर जरा बिगड गई है, वकीलसाब.” मामंजी म्हणाले, “कोई बात नहीं, मशीन ही तो है.” कोई बात नहीं. मला वाटलं, तांब्या उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावा.

त्याच टांग्यातून उलटे शहरात गेलो, बस गाठली. वन्संना पुढं खिडकीशी घेऊन मी बसले, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. नवाबसाहेबांना आम्ही परत जा म्हटलं, ते गेले नाहीत. जन्मात बसमध्ये न बसलेला माणूस, मागं कुणाच्या तरी कोंबड्यांच्या डालग्याशेजारी ताठ बसून आला. रस्ता खाचखळग्यांचा. प्रत्येक धक्क्याला मी वन्संना दोन्ही हातांनी धरायची, जसं काही माझ्या धरण्यानं बस थांबणार होती.

विकाराबादला पोचलो तर सूर्य कलला होता. डोंगर चढायला एक बैलबंडी तेवढी मिळाली. आम्ही गाडीवानाला सांगून खाली भरपूर कडबा घातला, त्यावर वळकटी घातली. तरी रस्ता दगडांचा, चाक दगडावर चढलं की वन्संचा चेहरा पिळवटायचा. शंभर पावलं गेलो असू. नवाबसाहेब बंडीच्या पुढं गेले, वाकले, आणि रस्त्यातला दगड उचलून कडेला टाकला. मग दुसरा. मामंजी त्यांच्याशेजारी गेले. दोघं साठीचे, एकाची तुर्की टोपी, एकाच्या डोक्याला बांधलेला रुमाल, वाकायचे, उचलायचे, टाकायचे. बंडी त्यांच्या मागून मुंगीच्या पावलानं. झाडीतून गार वारा सुटला होता आणि अंधार लवकर उतरत होता. दगड नाही काढले तर हादरा, काढले तर उशीर. मी कुणाला काय सांगणार होते?

वर दिवे लागलेले होते. डॉक्टर तेलुगू, तरुण, दमलेले. म्हणाले, खाट आत्ताच दिली. तांडूरकडच्या एका पोरीला. मामंजींनी लांबलचक अदबशीर उर्दूत सुरुवात केली, आपली नजरे-इनायत, म्हणजे कृपादृष्टी, असेल तर वगैरे. डॉक्टर ऐकत होते, पण उत्तर ‘नाही’च होतं. ती पोर पलीकडं झोपलेली दिसत होती. तिला उठवा असं तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं.

तेव्हा नवाबसाहेब पुढं आले. मातीनं भरलेले हात तसेच. म्हणाले, “डॉक्टरसाब, मेरे पास मोटर नहीं है. बिक गई. मैंने झूठ कहा कि भेजूंगा. सुबह तीन घरों में मांगने गया, किसी ने नहीं दी. मेरी वजह से बच्ची देर से पहुंची. इसको वापस मत भेजो.”

इतकं सरळ बोलणं मी हैदराबादेत तोवर ऐकलं नव्हतं. मामंजी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

डॉक्टरांनी व्हरांड्यात एक खाट टाकायला लावली, वर दोन घोंगड्या. जागा रिकामी होईपर्यंत इथं, म्हणाले. थंडीचे दिवस, उघडा व्हरांडा. वन्संनी तिथं किती तरी रात्री काढल्या. पुढं आतली खाट मिळाली, आणि वर्ष उलटून त्या बऱ्या होऊन खाली आल्या. म्हणून तर मी हे सांगू शकते. नाहीतर तोंडातून निघालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं विकाराबादच्या फलाटावर गाडीची वाट बघत होतो. अंग ठणकत होतं. नवाबसाहेब चहा आणायला गेले, स्वतः, आणि मला एकदाची बोलायला फुरसत मिळाली. सून-सासरा सगळं गुंडाळून ठेवलं आणि म्हटलं, “मोटर विकली, एवढं एका वाक्यात सांगितलं असतं तर काल आपण पॅसेंजरनं दुपारीच वर असतो. वन्संना खाट मिळाली असती. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.”

मामंजी म्हणाले, “मला ठाऊक होतं.”

“काय?”

“मोटर विकली ते. त्यांच्या गॅरेजात दिवाळीपासून शेळ्या बांधलेल्या बघतोय मी. वाटलं, शब्द दिलाय तर कुठून तरी आणतील.”

“मग परवा तोंडावर नाही का म्हणायचं? आपल्या पोरीचा जीव टांगणीला लागलेला, अन् तुम्ही...”

“तोंडावर कसं म्हणायचं, की तुमच्याकडं आता काही राहिलं नाही?” ते रुळांकडं बघत होते. “ते बाहेरचे. त्यांना जपावं लागतं. पोरगी घरची आहे. घरचं माणूस समजून घेतं.”

नवाबसाहेब दोन हातांत तीन कप सांभाळत येत होते. चहा बशीत, बशीतून शेरवानीवर सांडत होता. मामंजी लगबगीनं उठून उभे राहिले, आपने क्यों तकलीफ की म्हणाले. ते म्हणाले, तकलीफ कैसी. यांनी म्हटलं, पहले आप. ते म्हणाले, नहीं, पहले आप. चहा निवत होता. मी घरची. मी उठले आणि कप त्यांच्या हातातून घेतले.