लिमरिकच्या म्हशी

धुळ्याच्या कॉलेजातल्या सरांनी मला काम मिळवून दिलं तेव्हा मी त्यांच्या पाया पडले. घरात माझ्याआधी पदवीपर्यंत कोणी गेलंच नव्हतं आणि इंग्रजीत एम. ए. झालेल्या मुलीचं नेमकं काय करायचं, हे आमच्या रावेरात कोणाला ठाऊक नव्हतं. काम असं: आयर्लंडमधल्या लिमरिक शहराच्या इतिहासासाठी तिथली जुनी घरगुती पत्रं जपून ठेवलेली आहेत. त्यांचे फोटो यायचे, मी घरी बसून ते टाइप करायची.

आबांना, म्हणजे वडिलांना, हे काम वाटेना. "लोकाईचे कागद वाचाचे अन् वरून पगार?" शेवटी त्यांनी अट घातली. घरात यावरून कटकट झाली की बी. एड.चा फॉर्म भरायचा. मला बी. एड. करायचं नव्हतं. मला ही पत्रं हवी होती.

इतिहास म्हणजे वेढे आणि तोफा, असं शाळेत शिकले होते. बरेच दिवस मी तोफांची वाट पाहिली. पत्रं निघाली एका विधवा म्हातारीची, परगावच्या बहिणीला लिहिलेली. नदीचं पाणी तळघरात शिरलं. खोकला जात नाही. डुकरांना भाव नाही. सून उशिरा उठते. हे शेवटचं प्रत्येक पत्रात.

अक्का, आबांची थोरली बहीण, लग्नानंतर लवकरच माहेरी असताना विधवा झाली ती इथंच राहिली आणि हळूहळू घराची सत्ताधीश झाली. संध्याकाळी गिलके चिरता चिरता ती विचारायची, "आज काय लिहिलं वं त्या बाईनं?" मी मराठीत सांगायची. डुकरांचं नाव काढलं असतं तर अक्का त्या दिवशी जेवलीच नसती, म्हणून मी लिमरिकमधल्या समस्त डुकरांच्या म्हशी करून टाकल्या. इतिहासाने मला माफ करावं.

"सून उठत नही, तं म्हशीचं कोन करते?" अक्का विचारायची.

"त्या सुनेलेबी जीव आहे," आई कढईकडे बघत म्हणायची.

"मी तुले बोलली का?"

"मीबी लिमरिकचंच बोलून रायली."

एका संध्याकाळी फोटो आला तो काळ्या काठाच्या कागदाचा. या वेळी अक्षर सुनेचं होतं. मी सवयीने मोठ्यांदा सांगायला लागले, "सासूबाई आपल्याला सोडून गेल्या," आणि जीभ चावली. आमच्याकडे मयताचं कार्ड उंबऱ्याबाहेर वाचतात आणि तिथंच फाडतात. घरात आणत नाहीत. मी तर ते थेट स्वयंपाकघरात आणलं होतं.

अक्काने विळी आडवी केली. "फाड ते."

"अक्का, हा फोटो आहे. कागद तिकडं लिमरिकला."

"त्याहीनं कामून नही फाडला?"

"जपून ठेवला."

"मयताचा कागद जपते? कशे लोकं आहेत!"

आबा दारातच होते. "झाली ना कटकट?" ते जवळजवळ आनंदाने म्हणाले. "उद्या फॉर्म आन."

मी लॅपटॉप मिटला. सरांना काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव डोक्यात सुरू झाली.

"थांब रे," अक्का आबांना म्हणाली. ती गिलक्याची सालं गोळा करत होती. "माह्या मालकाचं कार्ड आलं तव्हा बानं ओट्यावर वाचलं अन् फाडलं. अंदर काय लिहेल व्हतं, मले कोन्ही सांगतलं नही. आजलोक नही." मग माझ्याकडे वळून, "बाहेर चाल. पुरं वाच. मंग फाडू."

लॅपटॉप घेऊन ओट्यावर उभी राहून मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. ताप किती दिवस होता, पाद्री कधी आला, उशाशी कोण बसलं होतं. आदल्या दिवशी म्हातारीने सुनेला विचारलं होतं, म्हशींना घातलं का. सुनेने घातलं होतं. अक्का ओट्यावरच खाली बसली. आबाही पायरीवर बसून राहिले.

सकाळी मी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्या फोटोची प्रिंट आणली. अक्काने ओट्यावर तिचे चार तुकडे केले आणि डोक्यावरून अंघोळ केली. "लिमरिकचं सुतक, अन् बंब आमचा," आई पुटपुटली. मी लॅपटॉप परत स्वयंपाकघरात नेला. आबांनी पाहिलं, अक्काकडेही पाहिलं, आणि फॉर्मचा विषय काढला नाही.

ओले केस पुसत अक्का माझ्या शेजारी येऊन बसली.

"सून एकटीच का वं आता?" ती म्हणाली. "मंग त्या म्हशी कोन पाह्यते?"