घटावरचा जांभळा दिवा

गेल्या नवरात्रात आमच्या घरची देवी सहा दिवस डोळे मिचकावत होती, आणि त्या डोळ्यांचं वायरिंग मी केलं होतं.

आम्ही चेन्नईत वेस्ट मांबलमला तळमजल्यावर राहतो. शेजारची इमारत इतकी जवळ आहे की खिडकीतून हात काढून त्यांची भिंत पुसता येईल. ऊन आमच्याकडे दुपारी साडेबाराला येतं, दहा मिनिटं टेकतं आणि पाणीसुद्धा न पिता निघून जातं. मला मात्र हा अंधुक उजेड फार आवडतो. मी सिरुसेरीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, बरेचदा घरूनच, आणि उरलेला वेळ खिडकीशी बसून मांबलम स्टेशनात शिरणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत स्वप्नं बघतो. (माझी बायको मेधा याला 'लोळणं' म्हणते.)

बाबा गेल्यावर आई दोन वर्षं सांगलीत एकटी राहिली. शेवटी पावसाळ्यात आम्ही तिला इकडे आणलं. तिला इथलं काही मानवेना. भाषा कळेना, भाकरीचं पीठ चिकटेना, घामानं जीव नकोसा. घट बसवायच्या आदल्या दिवशी तिनं शांतपणे जाहीर केलं, "हे बघ श्री, घट चांगला भरून आला, तर समजेन देवीला हे घर मानवलं. मग राहीन. नाही आला, तर दसरा झाला की मला एग्मोर स्टेशनवर नेऊन गाडीत बसवून द्यायचं. पुन्हा विषय काढायचा नाही."

मला आई हवी होती. पन्नाशीत असं म्हणायला लाज वाटते, पण संध्याकाळी घरी आल्यावर "आलास का रे?" असं कुणी विचारलं की दिवसभराचा शीण जातो. आणि आता माझं सुख परडीतल्या मूठभर गव्हावर येऊन ठेपलं होतं! या अंधाऱ्या खोलीत गहू कुठला उगवणार?

मग मला कल्पना सुचली. (मेधा म्हणते, तिथूनच आमच्या घरातली सगळी संकटं सुरू होतात.) इंटरनेटवर लोक घरातल्या घरात एलईडीच्या जांभळ्या प्रकाशावर भाज्या पिकवत होते. मी एका पत्र्यावर लाल आणि निळे एलईडी बसवले, त्यांना ठरावीक वीज पुरवणारी एक डबी जोडली (तिला ड्रायव्हर म्हणतात), आणि दिवा मखराच्या आत छताला टांगला. ड्रायव्हर आईच्या नजरेला खुपू नये म्हणून तो जरीच्या कापडात छान गुंडाळून मखराच्या कमानीत लपवला. सॉफ्टवेअरच्या माणसानं केलेलं हार्डवेअर! मला माझाच अभिमान वाटला.

पहिल्या माळेला बटण दाबलं आणि खोली जांभळाच्या सरबतात बुडाली. समईची पिवळी ज्योत मध्ये तरंगत होती, आईचे पांढरे केस गुलाबी झाले होते, मेधाच्या हातातली तांदळाची वाटी रत्नांनी भरल्यासारखी दिसत होती. अखंड दिवा विझू नये म्हणून आईनं पंखा बंद करायला लावला होता, खिडकीही लावून घेतली होती. त्या उबेत माझी पापणी जड झाली. मला वाटलं, आपलं घर जमिनीवरून उठलंय आणि मांबलमच्या गच्च्यांवरून हळूहळू सांगलीकडे निघालंय. आई माझ्या शेजारी बसली होती आणि तिला कुठंही जायचं नव्हतं.

"श्री, आरती! झोपलास काय?"

आरती सुरू झाली. कापूर पेटला. आणि माझा जांभळा दिवा मंद झाला! पार विझला. दोन मिनिटांनी पुन्हा उजळला.

आईनं माझ्याकडे बघितलं. "देवीनं डोळे मिटले."

"अगं, व्होल्टेज."

"आरतीलाच बरं व्होल्टेज जातं!"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दुपारीही तेच. मी शोध सुरू केला. आधी प्लग बदलला. मग वायर बदलली. मग मला फ्रिजचा संशय आला. तो सुरू होताना वीज खेचतो ना! फ्रिज बंद केला. दूध नासलं. मिक्सरवर बंदी घातली. मेधाला चटणी खलबत्त्यात कुटावी लागली, आणि प्रत्येक घावाला ती माझ्याकडे बघत होती. इस्त्री बंद, वॉशिंग मशीन बंद. सगळं घर माझ्या हुकमानं चिडीचूप झालं, आणि देवी आपली निवांत डोळे मिचकावतच होती.

चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या मामींकडून (इथं वयस्क शेजारणीला मामीच म्हणतात) त्यांच्या जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर आणला. लोखंडी पेटी! दर थोड्या वेळानं तिच्यातून 'टक्' असा आवाज येई आणि आई दचकून "कोण आहे?" म्हणे. आपल्या पेटीचं काय चाललंय ते बघायला मामी आरतीच्या वेळीच खाली आल्या. कापूर पेटला, दिवा मिटला. मामींनी हात जोडले. आरती संपली, दिवा उघडला.

"अम्मा!" मामींनी दोन्ही गालांवर थापट्या मारून घेतल्या. "अम्मन!" म्हणजे देवी.

"मामी, नो नो, लूज कनेक्शन," मी म्हणालो.

"नो कनेक्शन, सार. अम्मन!"

पाचव्या दिवशी अख्ख्या इमारतीच्या बायका आपापल्या घरी नवरात्रात मांडलेला बाहुल्यांचा गोलू सोडून आमच्याकडे आल्या. कुणी चण्याचं सुंडल आणलं, कुणी मल्लिप्पूचे, म्हणजे मोगऱ्याचे गजरे. पंचवीस माणसं, बंद खिडकी, बंद पंखा! दिवा आता दर पाच मिनिटांनी मिटू लागला आणि दर वेळी "अम्मा!" असा गजर होऊ लागला. जांभळ्या धुक्यात मोगऱ्याचा वास, कापराचा धूर, रेशमी साड्यांची सळसळ. इतकं सुंदर दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या गर्दीच्या मध्यभागी चप्पल काढून, टेस्टर दातांत धरून मी स्टुलावर उभा होतो.

बायका गेल्यावर आई आत गेली. थोड्या वेळानं मी डोकावलो तर तिनं बॅग काढली होती आणि नऊवारीच्या घड्या घालत होती.

"आई, दसऱ्याला अजून वेळ आहे."

"लोकांना ती पावते. मला बघून डोळे मिटते. कळतं रे मला."

खरं तर तेव्हाच तिला मिठी मारून "नको जाऊस" म्हणायला हवं होतं. पण मी इंजिनिअर पडलो. मी पुन्हा स्टुलावर चढलो.

सहाव्या दिवशी, वैतागून, मी थेट जरीच्या कापडात हात घातला.

"आई गं!"

बोट भाजलं होतं. आई धावत आली. बोटावर फुंकर घातली, वर बघितलं आणि कापडाला हात लावला. "अरे, हे तर उकळत्या दुधाच्या पातेल्यासारखं तापलंय! आत काय शिजत घातलंयस?"

मेधा कमरेवर हात ठेवून बघत होती. "खाली अखंड दिवा, वर कापराचा जाळ, पंखा बंद, खिडकी बंद, आणि अंगावर जरीचं कापड. अहो, मी असते तर मीसुद्धा डोळे मिटले असते."

ड्रायव्हर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो, गार झाला की पुन्हा जोडतो. हे त्याच्या खोक्यावर लिहिलेलं होतं. (खोका मी पहिल्याच दिवशी टाकला होता.) ड्रायव्हर मखराच्या बाहेर काढून टांगला. मग दिवा एकदाही मिटला नाही. मामी दोन दिवस हिरमुसल्या. पण मी खूश होतो. घट माझ्या दिव्याखाली हिरवागार झाला होता. आखूड, दाट, तजेलदार. आई आता कशी जाते!

दसऱ्याला घट हलवायची वेळ आली. आई परडीजवळ बसली, चष्मा नीट केला.

"हे काय रे?"

"गहू! बघ ना, कसा हिरवा!"

"हिरवा? घटाचं धान हिरवं असतं होय? पिवळं धमक, वीतभर उंच असतं ते. अंधारात वाढतं म्हणून तर सोन्यासारखं दिसतं. हे तर लॉन केलंस!"

पन्नास वर्षं दरवर्षी घरात घट बघत आलो, आणि धानाचा रंग मी कधी बघितलाच नव्हता. मी खाली बसलो. सगळं संपलं होतं. एग्मोरचा फलाट माझ्या डोळ्यांपुढे पाण्यात हलताना दिसू लागला.

तेवढ्यात आईनं घट अलगद उचलला. मागच्या बाजूला, जिथं घटाची सावली पडत होती आणि माझा दिवा पोचत नव्हता, तिथं वीतभर उंच, पिवळंधमक धान लवलवत उभं होतं. आईनं त्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग मेधाला म्हणाली, "माझी बॅग माळ्यावर टाक गं."

"म्हणजे देवीला घर मानवलं?" मी विचारलं.

"देवीचं ती बघेल," आई म्हणाली. "अंधारात जे आपोआप येतं, त्याच्या मागे हा सहा दिवस टेस्टर घेऊन फिरला. याला एकट्या मेधाच्या गळ्यात टाकून मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

अशा तऱ्हेनं आई आमच्याकडे कायमची राहिली. मुलाच्या कर्तबगारीवर आई राहिल्याची उदाहरणं पुष्कळ असतील. नालायकीवर तिला ठेवून घेणारा मांबलममध्ये मी एकटाच!