हिरोईन गेवराईला येणार

आमचे हे पिक्चरचे वितरक. म्हणजे मुंबईवाल्यांकडून पिक्चर घ्यायचा आणि आपल्या जिल्ह्यातल्या टॉकीजला लावायचा. चालला तर सगळ्यांचं भलं. न्हाई चालला तर ह्यांचं डोकं दुखतं, आणि ते चेपायचं मी.

त्या वर्षी ह्यांनी घेतलेले पहिले तिन्ही पिक्चर आपटले. एक तर दुसऱ्या दिवशीच उतरला. "पब्लिकला अक्कल न्हाई," म्हणत हे घरभर फिरायचे. चौथा तेवढा राहिला होता, सासूसुनांचा, रडारडीचा.

"हा बायकांचा पिक्चर हाय," मी म्हणाले. "पण गेवराईच्या टॉकीजला बायका येतच न्हाईत."

"कावून?"

"तिथलं बाथरूम बघितलंय का कदी?"

ह्यांनी बघितलं नव्हतं. गड्यांना भिंत पुरते.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्यासोबत मीही गेवराईला गेले. टॉकीजचे शेठ भला माणूस, पण खर्चाचं नाव काढलं की त्यांना ऐकू येत नसे. हे पोस्टर लावून घ्यायला बाहेर गेले, तेवढ्यात मी शेठजींच्या कानाला लागले. "शुक्रवारी बाराला हिरोईन येणार हाय. कुणाला बोलू नका."

"आपल्या टॉकीजला?" शेठजी उभेच राहिले.

"मग! बाईमाणसाची सोय बघा जरा."

चार दिवसांत बायकांच्या बाथरूमला नव्या फरशा बसल्या, नळ आले, दाराला आतून कडी आली, वर आरसा. शेठजींनी खरंच कुणाला सांगितलं नाही. फक्त बायकोला सांगितलं. ती बचत गटाची अध्यक्ष.

शुक्रवारी टॉकीजपासून हायवेपर्यंत रिक्षाच रिक्षा. शेठजी नवं जाकीट घालून, हातात गुलाबाचा हार घेऊन दारात उभे.

"वहिनी, मॅडम कुठवर आल्या?"

"बारा वाजले की दिसतील. पडद्यावर."

शेठजींनी हार खाली घेतला. "तुमीच म्हणल्या होत्या, येणार हाय म्हणून."

"मग, येत न्हाई का?"

हार वाया जाऊ नये म्हणून शेठजींनी तो ह्यांच्या गळ्यात घातला. ह्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, वितरकाचा सत्कार. दोन शब्द बोलायलासुद्धा उभे राहिले.

खरं सांगते, मी दाराजवळची खुर्ची धरून बसले होते. इंटरव्हलला बायका भांडायला उठल्या तर? उठल्या त्या, पण भांडायला नाही. रांग लावून बाथरूमला गेल्या. एक म्हातारी पदराला हात पुसत बाहेर आली आणि मैत्रिणीला ओरडून म्हणाली, "आगं, आत आरसा हाय!" हिरोईन आली का न्हाई, हे कुणी विचारलंच नाही. पडद्यावर नुकतंच सासूनं सुनेला घराबाहेर काढलं होतं, त्यामुळं सगळ्यांचे डोळे सुजलेले.

दुसऱ्या आठवड्यात मांजरसुंब्याहून जीप भरून बायका आल्या. पिक्चर महिनाभर हलला नाही. तिन्ही पिक्चरचा खड्डा ह्या एकानं भरून काढला.

वर्षअखेरीला वितरकांचा मेळावा झाला. तिथं हे माईकवर म्हणाले, "बायकांची आवड मला पहिल्यापासून कळते." मी दुसऱ्या रांगेत गुलाबजाम खात होते. मान हलवली.

यंदा ह्यांनी मला न विचारता एक मारधाडीचा पिक्चर घेतला. "ह्याला कुत्रंबी येणार न्हाई," मी सांगून टाकलं. तो चालला. लई चालला. मी अजून त्या विषयावर काही बोललेले नाही.