मिस्त्रीचाचांचे न धरलेले रोजे

आमच्या वडगाव निंबाळकरात विहिरीवरची मोटार जळाली, की माणसं आधी मिस्त्रीचाचांच्या शिव्या खायची तयारी करतात आणि मगच मोटार ट्रॅक्टरवर चढवतात. माझ्या घराला लागूनच त्यांचं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण गावातल्या पोरांच्या कानांवर संस्कार माझ्यापेक्षा त्यांचेच जास्त झाले असावेत. ते मोटारीला शिव्या देतात, तांब्याच्या तारेला देतात, वीज गेली की वायरमनच्या अख्ख्या घराण्याला देतात. हात मात्र असा, की त्यांनी भरलेली मोटार पुन्हा जळायला लाजते.

रमजान लागला की हेच चाचा ओळखू येत नसत. दिवसभर पोटात पाणी नाही आणि तोंडात शिवी नाही. यातलं दुसरं फार अवघड. "गुरुजी, पोटाचं काय, बांधून ठिवला तर बैलबी उपाशी ऱ्हातोय. जीभ उपाशी ऱ्हायली, तर त्यो रोजा," असं मला सांगत. एकदा भर उन्हात पिंपळीचे एक बागायतदार, मोटार वेळेत मिळाली नाही आणि ऊस वाळतोय म्हणून, दुकानात येऊन त्यांना नाही नाही ते बोलले. चाचा लालबुंद झाले. ओठ हलले. मी ओट्यावर कान टवकारून बसलो. "माझा रोजा हाय, तात्या," एवढंच म्हणून ते आत गेले आणि तोंडावर पाणी मारून आले. बागायतदार इतके घाबरले, की मला येऊन विचारू लागले, "मिस्त्री आजारी हाय का वो?"

आजारी ते यंदा खरंच पडले. साखर वाढली, पाय सुजले, डॉक्टरांनी रोजे बंद केले. चाचा त्यांच्याशी भांडले, मग मौलानांकडे दाद मागायला गेले. तेही म्हणाले, आजाऱ्याला सवलत आहे. रोज्याच्या बदली रोज एका गरजूला जेवू घाला. तेव्हापासून चाचा दुपारी डबा घेऊन ओढ्याकाठच्या एका एकट्या म्हातारीकडे जाऊ लागले. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "कालवणात मीठ कमी हाय." शिवाय एकटीनं जेवायला तयार होईना. "तू बी बस." रमजानच्या दुपारी कधी पाणीही न प्यालेल्या चाचांनी मान खाली घालून तिच्यासमोर घास घेतला.

आठवड्यानं ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "गुरुजी, ती अर्धी भाकरी फडक्यात बांधून ठिवती. म्या म्हनलं, आजी, उद्या ताजी आणतो की. तर म्हनली, आणशील रं, पर न्हाय आलास तर?" त्यांनी हातातला रिकामा डबा शेजारी ठेवला. "इतकी वरसं रोजं धरलं. पर सांजच्याला घरी ताट हाय, हे मला ठावं असायचं. तिला कवाच ठावं नसतं. मग म्या भूक बघितली कुठं?"

ईदच्या सकाळी नमाजाहून येताना ते माझ्याकडे थांबले. नवा सदरा, अत्तराचा वास. गळाभेट झाली तरी माझा हात सोडेनात.

"गुरुजी, यंदाचं रोजं माझ्या नावावर लागलं असतील का वो?"

त्यांच्या धर्मातलं मला काय कळणार? तरी मी "व्हय" म्हणालो. बारामतीची एसटी धूळ उडवत गेली, आणि तेवढ्यात त्यांनी डोळे पुसून घेतले.