बाळारामचा डोल्मा

गेल्या महिन्यात एका सकाळी बाळारामच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला. "काका, बाबा गेले... झोपेतच." बाळारामच्या बदलापूरच्या हॉटेलात पाऊल ठेवून मला तीन वर्षं झाली होती.

बाळाराम मूळचा जांभूळ गावचा. मोरिवलीच्या ज्या कारखान्यात मी अधिकारी होतो, तिथल्या कॅन्टीनमध्ये तो स्वयंपाकी होता. पुढे इराकच्या कुर्दी भागात एका कंपनीच्या कॅम्पवर गेला आणि तिथे अकरा वर्षं राहिला. तिथल्या स्वयंपाकघरातल्या एका म्हाताऱ्या बाईनं त्याला पोटच्या पोरासारखं सगळं शिकवलं. परत आल्यावर त्यानं बायको कमल आणि मुलगी प्रज्ञा यांना हाताशी घेऊन छोटं हॉटेल टाकलं आणि बाहेर पाटी लावली : 'कुर्दी जेवण मिळेल.'

पहिल्या दिवशी त्यानं मला मुद्दाम बोलावलं. डोल्मा केला होता : द्राक्षाची पानं नाशिकहून मागवलेली, त्यांच्या गुंडाळ्यांत आंबटसर मसालेभात, आणि माझ्यासाठी खिमा न घालता केलेला. "साहेब, पयला घास तुमचा. तुम्ही बोललात म्हंजे झालं." मी एक गुंडाळी तोंडात टाकली. चांगली होती, अगदी चांगली. पण आजूबाजूला ओळखीची माणसं बसलेली, मला विनोद करायची हुक्की आली. "अरे, ही तर अळूवडी! बेसन संपलं म्हणून भात भरलास काय?" सगळे हसले. बाळारामही हसला. वर मी शहाणपणा शिकवला, "बदलापुरात हे कोण खाणार? चायनीज ठेव."

त्यानं ऐकलं. आठवड्याभरात पाटी उतरली. हॉटेल बरं चाललं, म्हणून माझा सल्ला बरोबरच होता असं मी स्वतःला सांगत राहिलो... पण तिकडे जायचं मात्र टाळत राहिलो.

तेराव्यालाही मी गेलो नाही. परवाच्या शुक्रवारी गेलो. हॉटेल बंद होतं, म्हणून मागे घरी गेलो. कमलवहिनींनी आत बोलावलं. "जेवूनच जा. शुक्रवारी हे सोता डोल्मा करायचे, घरच्यापुरता. आज प्रज्ञानं केलाय."

"दर शुक्रवारी?"

"तिकडं शुक्रवारची सुट्टी असायची ना. ती सवय नाय सुटली." माझ्यासाठी पाट मांडत त्या म्हणाल्या, "लय वेळा बोलायचे, साहेबांना परत एकदा खायला घालायचाय. आजूबाजूला कोण नसताना."

मी मान खाली घातली. बोलावलं असतं तर आलो असतो, असं म्हणणार होतो. पण त्यानं दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा मीच कामाचं निमित्त सांगितलं होतं.

प्रज्ञानं पातेलं परातीत उलटं केलं. वाफ निवळल्यावर पानांबरोबर भरलेले कांदे, वांगी, मिरच्या दिसू लागल्या. आम्ही तिघं परातीभोवती जमिनीवर बसलो. प्रज्ञानं बोलता बोलता सगळे कांदे वेचून परातीच्या एका बाजूला लावले. तिथे, बाळारामच्या नेहमीच्या जागी, कुणीच बसलेलं नव्हतं. तिच्या ते लक्षात आलं तशी ती क्षणभर थांबली... मग तिनं परात हळूच फिरवली आणि कांदे माझ्यासमोर आणले.

"खा काका. गरम आहेत तोवर."