सातव्या कॅसेटची दुसरी बाजू

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. मी इतिहास शिकलेलो नाही, आयर्लंड पाहिलेलं नाही, आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं माझी कोणी लागत नाहीत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई अंगणवाडीत. आमच्याकडे लिहायचं म्हणजे अर्ज, नाहीतर लग्नपत्रिकेवरचे पत्ते. तेव्हा कुठे चुकलं, कुठे जास्त बोललो, तर त्याची माफी आधीच मागून ठेवतो. नावं मात्र कुणाचीच घातलेली नाहीत. ज्यांच्या घरी हे घडलं त्या म्हाताऱ्यांची तशी अट होती.

न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चला शिकायला येऊन मला तेव्हा वर्ष झालं होतं. रिकार्टन भागात चौघं मिळून राहायचो. विद्यापीठातल्या बोर्डावर एक चिठ्ठी दिसली. जुन्या कॅसेट ऐकून टाइप करून देणारा हवा, कान चांगले हवेत, धीरही हवा, एवढंच लिहिलं होतं. सायकलने दहा मिनिटांवर घर होतं. दार एका उंच, वाकलेल्या माणसाने उघडलं. वय एकोणनव्वद. मी "गुड मॉर्निंग, सर" म्हणालो ते त्यांना ऐकू गेलं नाही, पण ओठांवरून कळलं असावं.

"सर कसला? मी मास्तर नव्हतो, प्लंबर होतो," ते म्हणाले.

इथे प्रोफेसरलाही नावाने हाक मारतात. मला ते अजून जमत नाही. पुढचे दोन शनिवार ते मला त्यांचं नाव घ्यायला लावत राहिले, मी सर म्हणत राहिलो. मग त्यांनीच सोडून दिलं. "बरं, सर तर सर. माझ्या बायकोने एवढा मान दिला असता तर दहा वर्षांनी तरुण राहिलो असतो."

त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. ते बोलायचे आणि मी एका पांढऱ्या फळ्यावर जाड मार्करने उत्तर लिहायचो. फळा टेबलावरच असायचा, चहाच्या किटलीशेजारी.

कॅसेट त्यांच्या वडिलांच्या होत्या. वडील तरुणपणी आयर्लंडमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले होते. मोठ्या सैन्यात नाही, आपल्याच गावाच्या आसपास. दिवसा शेतावर काम, मग निरोप आला की लपवलेली बंदूक काढायची. नंतर ते न्यूझीलंडला आले आणि त्यावर कुणाशी बोलले नाहीत. आयुष्याच्या शेवटच्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये एकटे बसून त्यांनी नऊ कॅसेट भरल्या आणि मुलाला दिल्या. मुलाने त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या.

"कान होते तेव्हा वेळ नव्हता," ते म्हणाले. "आता वेळच वेळ आहे."

एवढ्या वर्षांनी डबा उघडायचं कारण एक पत्र होतं. आयर्लंडहून, एका ब्याण्णव वर्षांच्या बाईंचं. त्या लढ्यात त्यांच्या मामाला, एकोणीस वर्षांच्या मुलाला, गावातल्याच माणसांनी घरातून नेलं होतं. तो इंग्रजांना खबर देतो असा संशय होता. तो परत आला नाही. कुठे पुरला ते कुणी सांगितलं नाही. घरच्या थडग्याच्या दगडावर त्याच्या नावापुरती एक ओळ कोरी सोडलेली आहे. बाईंनी लिहिलं होतं, तुमचे वडील त्याच तुकडीत होते असं ऐकते. ते कधी जागेबद्दल काही बोलले का? मला दुसरं काही विचारायचं नाही.

म्हाताऱ्यांना ती जागा हवी होती. आणि जागा वडिलांना ठाऊक नव्हती, असंही निघायला हवं होतं. हे दुसरं ते बोलले नाहीत, पण प्रत्येक शनिवारी माझे कागद हातात घेताना त्यांचा अंगठा कागदावर घासत राहायचा.

काम हळू चालायचं. त्या आवाजातलं इंग्रजी मला पहिल्यांदा इंग्रजीच वाटलं नाही. एकेक वाक्य दहा-दहा वेळा ऐकायचं. टेप अडकली की कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून फिरवायची, हे मला म्हाताऱ्यांनी शिकवलं. मधे दूध संपलं की मी कोपऱ्यावरच्या डेअरीत जायचो. इथे किराण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात. परत येऊन पुन्हा कानाला हेडफोन.

मला वाटलं होतं, लढाई असेल. टेपवर बहुतेक ओले मोजे होते. रस्ता रात्रीतून खणून ठेवणं, झाडं आडवी पाडणं, कोंबड्यांच्या खुराड्यात बंदुका. एका बाईने गोठ्यात आणून दिलेला पाव आणि चहा. एका जागी पाच जण खंदकात दिवसभर पडून राहिले, सैनिकांची लॉरी येणार म्हणून. लॉरी आलीच नाही. एकाला ताप भरला, सगळे घरी गेले.

हे मी दर रविवारी आबांना सांगायचो. आबा म्हणजे माझे आजोबा. आमच्या गावी सकाळ असायची, इथे दुपार. आई फोन त्यांच्या कानाला लावून द्यायची.

"काय रं, लागली का म्हाताऱ्याची टेप? गाडी आली का न्हाई मग?"

"नाही आली, आबा."

"म्हंजे तिकडं बी एसटीच हाय म्हणायची!" मागून वडील काहीतरी ओरडायचे आणि आबा खूप वेळ हसायचे.

आबांना या गोष्टींची ओढ असायला कारण होतं. त्यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होते. तारा तोडणं, डोंगरात राहणं, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. पण आबा नेहमी एका जागी थांबायचे. गावातल्या एका माणसाला खबऱ्या म्हणून उसात नेलं, तळपायांवर काठ्या मारल्या, घोंगडीत घालून घरी आणून टाकलं. तो पुन्हा नीट चालला नाही. इथपर्यंत सांगून आबा तंबाखू मळायला घ्यायचे.

सातव्या कॅसेटच्या पहिल्या बाजूला सगळं पावसाबद्दलच होतं. दुसऱ्या बाजूला ते आलं. आवाज बदलला नाही. असं काही सांगताना माणसाचा आवाज बदलत असेल असं मला वाटायचं.

त्यांनी सांगितलं ते साधारण असं. मला निरोप आला, फावडं घेऊन ये. मी गेलो. चुन्याच्या भट्टीमागे दोन काटेरी झाडं होती, त्यांच्या मधे. जमीन मऊ होती, फार वेळ लागला नाही. तो भिंतीला टेकून बसला होता. बूट त्याने स्वतःच काढले. म्हणाला, हे भावाचे आहेत, त्याला परत द्या. त्याने खबर दिली होती की नाही, मला माहीत नाही. मला ते कुणी विचारलं नव्हतं. मला फावडं आणायला सांगितलं होतं. बूट आम्ही दिले नाहीत. दिले असते तर त्याच्या घरी कळलं असतं. उन्हाळ्यापर्यंत ते आमच्या खुराड्यात होते.

नंतर ते बटाट्यांच्या पिकाबद्दल बोलायला लागले.

मी हेडफोन काढला. स्वयंपाकघरात म्हातारे टोस्टला लोणी लावत होते. त्यांनी माझ्यासाठीही एक केला होता. मी कागदावर लिहिलं, "सातवी कॅसेट, दुसरी बाजू: टेप खराब, आवाज नीट नाही." त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि टोस्टची बशी माझ्याकडे सरकवली.

मला त्यात खोटं बोलल्यासारखं काही वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. आमच्याकडे असंच करतात. आजी होती तेव्हा तिचा भाऊ वारला, तर तिला महिनाभर कुणी सांगितलं नाही. तिचं ब्लडप्रेशर वाढेल म्हणून. ती विचारायची, आणि मीही तिला सांगितलं होतं, मामाआजोबा मुंबईला गेलेत. म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते येतच होतं. शिवाय हे फळ्यावर लिहायचं होतं. मोठ्या अक्षरांत.

तीन शनिवार तसेच गेले. आठवी झाली, नववी झाली. म्हातारे प्रत्येक वेळी विचारायचे, "जागेचं काही नाही?" मी फळ्यावर लिहायचो, नाही. तिसऱ्या शनिवारी ते म्हणाले, "तिला कळवायला हवं मग. वाट बघत असेल." आणि पत्राचा कागद शोधायला उठले.

दुसऱ्या दिवशी मी आबांना सगळं सांगितलं. फावडं, बूट, सगळं.

"आबा, सांगू का त्यांना?"

"तू सांगितलं न्हाईस अजून?"

"वय झालंय त्यांचं. एकटे असतात."

"मग? म्हातारा झालाय, मेला न्हाई अजून." मग म्हणाले, "त्या उसाच्या फडात माझा बा होता का, ते मी त्याला कधी इचारलं न्हाई. म्या म्हटलं, त्याला कशाला तरास. आता कुणाला इचारू? सांग जा. आनि काय म्हनला ते मला सांग."

पुढच्या शनिवारी मी ते पान टाइप करून घेऊन गेलो. नेहमीपेक्षा मोठी अक्षरं केली होती. ते भिंग घेऊन वाचत होते आणि मी किटली भरली, तिचं बटण दाबलं, ती बंद झाली, पुन्हा दाबलं.

"बूट," ते म्हणाले. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "दर रविवारी चर्चमध्ये त्या मुलाची आई माझ्या वडिलांच्या पुढच्या बाकावर बसत असणार."

मी फळ्यावर लिहिलं, सॉरी.

"तुला हे ऐकून किती दिवस झाले?"

मी सॉरी पुसून लिहिलं, चार आठवडे.

त्यांनी माझ्या हातातून डस्टर घेतलं आणि ते स्वतः पुसलं. "ती ब्याण्णव वर्षांची आहे," ते म्हणाले. एवढंच. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी लिहिलं की मला आजोबांनी सांगायला लावलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "त्यांना माझे आभार सांग," ते म्हणाले आणि पत्र लिहायला बसले.

मग माझी परीक्षा जवळ आली. जूनची थंडी, इथे तेव्हा हिवाळा, लायब्ररीत बसून राहायचो. रविवारी फोन केला तर आई म्हणाली, आबा झोपलेत. मी म्हटलं, मग सरांनी आभार मानलेत एवढं त्यांना सांग. पुढच्या रविवारी म्हणाली, कान दुखतोय त्यांचा, फोन नको म्हणतात. तिसऱ्या रविवारी, शेजारी गेलेत, तू अभ्यास कर. मी म्हटलं, आभार सांगितलेस का त्यांना? आई म्हणाली, हो, सांगितले की.

शेवटचा पेपर गुरुवारी झाला. शनिवारी गेलो तर म्हातारे दारातच उभे होते, हातात पत्र. बाईंच्या मुलाने लिहिलं होतं. भट्टी अजून आहे. दोन झाडांपैकी एक उभं आहे, दुसऱ्याचा बुंधा सापडला. शेताच्या मालकाने खणायला हरकत घेतली नाही, जमीन सुकली की सुरू करतील. आईला गाडीतून फाटकापर्यंत नेलं होतं. ती काच खाली करून तासभर बघत बसली, मग म्हणाली, आता घरी चला. म्हाताऱ्यांनी मला पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे ते जवळजवळ ओरडत होते.

"तुझ्या आजोबांना सांग हे. आजच सांग."

मी रविवारची वाट पाहिली नाही. तिथूनच, त्यांच्या बागेतल्या बाकावर बसून फोन लावला. आईला म्हटलं, आबांना उठव, झोपले असले तरी उठव, झाडं सापडली म्हणून सांग. आईने फोन वडिलांकडे दिला. वडील सहसा फोनवर येत नाहीत.

"पेपर झाले का सगळे?" त्यांनी विचारलं.

"झाले."

"आबा गेले, बाळा. झोपेतच गेले. तुझी परीक्षा होती."

खिडकीतून म्हातारे माझ्याकडे बघत होते. त्यांनी अंगठा वर करून विचारलं, सांगितलंस का? मीही अंगठा वर केला. किती दिवस झाले, मी वडिलांना विचारलं. एकवीस, ते म्हणाले, तेरावं पण झालं. मग फोन परत आईने घेतला. ती म्हणाली, आता तुला सुतक नाही, नुसती डोक्यावरून आंघोळ कर. आणि गरम पाण्यानेच कर, तिकडे थंडी असेल.